लहान मापाचा चेलो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही — पण आता ऐकाच.

मी चेलो वाजवते. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. अमडापूरची पोरगी मुंबईच्या स्टुडिओंत बावीस वर्षं वाजवत होती, याचं इकडे फार कौतुक. परत येऊन बुलढाण्यात क्लास काढला, तर सत्काराच्या शालींना कपाट पुरेना. एक गोष्ट मात्र मी कुणाच्या लक्षात येऊ दिली नाही. माझा हात लहान आहे, करंगळी तर अगदीच आखूड. म्हणून माझा चेलोही लहान मापाचा आहे. असे मिळतात, मोठी माणसंही वाजवतात; लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मग मी ते का लपवलं? कमीपणा वाटायचा म्हणून. दुसरं काय.

सुषमा डोणगावहून सकाळच्या एसटीनं यायची. सतरा वर्षांची, वडील शाळेत शिपाई. क्लासमधल्या मोठ्या चेलोवर तिची करंगळी पोचायची नाही. पण कान — असा कान मी मुंबईतही क्वचितच पाहिला. पुढं शिकायला तिला मुंबईला पाठवायचं घरी चाललं होतं. सगळं माझ्या एका शब्दावर अडलेलं.

त्याच सुमारास नागपूरला माझा कार्यक्रम होता. त्यातला एक तुकडा मी पोरांसमोर वाजवला. वर्षानुवर्षं वाजवत आलेला. सुषमा हळूच म्हणाली, "मॅडम, तो वरचा सूर जरासा उतरून राह्यला." उर्मट नव्हती हो ती. मला सांगायला हवं, एवढंच तिला वाटलं. घरी जाऊन मी सूर तपासायचं मशीन लावून पाहिलं — आणि तिचं बरोबर होतं.

मग मी काय केलं? रागाच्या भरात काही बोलून गेले असते, तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मी आठ दिवस थांबले. पुढच्या रविवारी तिच्या वडिलांना बोलावलं, त्यांच्यासमोर तिला हात पुढं करायला लावला आणि पट्टीनं तिची बोटं मोजली. पट्टीची काय गरज होती? मी म्हणाले, हा हात चेलोचा नाही. माझा स्वतःचा चेलो तेव्हा शेजारच्या खोलीत होता. त्याचं मी नाव काढलं नाही.

वडील म्हणाले, "मॅडम म्हणतात तं बरोबरच असन. हात थोडाच बदलता येते." सुषमा आपल्या करंगळीकडे पाहत बसली होती. मला हेवा वाटला होता तिचा. एवढंच आहे ते, आणि एवढ्यासाठी मी तिचं वाजवणं बंद केलं.

गेल्या दिवाळीनंतर ती आली. मेहकरला दवाखान्यात नर्स आहे. सोबत तिची तेरा वर्षांची मुलगी.

"मॅडम, आधी इचा हात पाहून घ्या," ती म्हणाली. "माह्यासारखा असन तं आत्ताच सांगा. पोरगी मंग आस लावून बसते."

मी हात पाहिला. तीच करंगळी. उठले, आतून माझा चेलो आणला आणि मुलीच्या गुडघ्यांत दिला. तिची बोटं तारांवर नीट पोचली. सुषमा बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "असा लहान चेलो तवा नव्हता काय, मॅडम?"

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? समोर बसली होती. कसला धाक होता मला?

"नव्हता," मी म्हणाले. "आता आता यायला लागलेत."

ती हसली. "नव्हताच, तं तुमी तरी काय करसान." आणि जाताना वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.