अनारसे तळताना दार लावून घेतात

दिवाळीच्या आधी एका दुपारी समोरच्या घराचं दार आतून लागायचं आणि माझं डोकं फिरायचं. कारण त्या दाराआड माझी आई असायची.

अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. वडील फॅक्टरीत मशिनवर, समोरचे काका तिथेच ऑफिसात. दोन्ही घरांची दारं समोरासमोर आणि मधल्या पॅसेजमध्ये दोन्हीकडच्या चपला एकमेकींत मिसळलेल्या. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे दिवाळी नाही. एप्रिलमध्ये जयंती, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा, हे आमचे सण. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत मी घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये भाजणीचा वास सुटलेला आणि आपल्या घरात मात्र वांग्याची भाजी, हे सोसायला जो मोठेपणा लागतो तो माझ्यात नव्हता. आजही आहे असं काही वाटत नाही.

बरं, घरात दिवाळी नाही तर नाही. पण मग आईनं दुसऱ्यांच्या दिवाळीत का राबावं? समोरच्या काकू दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दारात येऊन उभ्या राहायच्या. "पीठ तयार आहे हं," एवढंच म्हणायच्या. आई लगेच ओल्या हातानं पदर खोचायची. वडिलांचा नियम साधा होता. मदतीला जायचं, पूजेला नाही. तळणं ही मदतच, त्यामुळे त्यांचं म्हणणं काही नसायचं. म्हणणं असायचं ते माझं, पण मला विचारतंय कोण.

काकूंचे अनारसे आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होते. म्हणजे नाव काकूंचं, तळणारी माझी आई. अनारशाचं तंत्र असं की तो एकाच बाजूनं तळायचा, खसखशीची बाजू वर, आणि झाऱ्यानं तूप हळूच त्याच्यावर उडवत राहायचं. उलटायचा नाही. तुपाचा ताप जरा इकडेतिकडे झाला की अनारसा कढईत फुटून पसरतो. त्याला बायका 'अनारसा हसला' म्हणतात. आईच्या हातचा कधी हसला नाही. आणि दृष्ट लागली तरी तो हसतो म्हणे, म्हणून तळताना दार लावून घ्यायचं, आल्यागेल्याची नजर पडू द्यायची नाही. दृष्टबिष्ट सगळं थोतांड आहे असं वडील आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. त्यांचीच बायको समोरच्या घरात दार लावून बसलेली असायची आणि ते इकडे निवांत पेपर वाचत असायचे.

मी पॅसेजमध्ये चपलांच्या शेजारी बसून आतले आवाज ऐकायचे. तूप चुरचुरायचं, झारा वाजायचा आणि मधेच दोघी हसायच्या. आई घरात हसायची नाही असं नाही, पण ते हसणं कामात असल्यासारखं, अर्ध्यात आवरलेलं. तिथलं हसणं पोटातून यायचं, खोकला लागेपर्यंत. मला वाटायचं, हे हसणं आमच्या घराच्या वाट्याचं होतं आणि काकूंनी ते उचलून नेलं.

काकूंची मुलगी माझ्याच वर्गात. माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि त्या दिवसांत माझी पक्की वैरीण. ती माझ्या आईला 'मावशी' म्हणायची. मी तिच्या आईला 'काकू'. मावशी म्हणजे आईची बहीण, काकू म्हणजे काय तर कुणाचीही काकू. हासुद्धा मला अन्यायच वाटायचा. एकदा ती मला म्हणाली, "मावशी आमच्याकडे असली की कसलं मस्त वाटतं ना!" मी म्हटलं, "तुमच्याकडे नसली की आमच्याकडे असते, आम्हाला रोजच मस्त वाटतं." मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

नुसतं तळणंच नव्हे, त्याआधीची खरेदीही दोघींची. "कॅम्पात जाऊन येतो," म्हणत त्या उल्हासनगरला जायच्या. तिथल्या सिंधी दुकानदाराशी काकू हिंदीत हुज्जत घालायच्या, आई मराठीत, आणि तो दोघींना "अरे बहेन, अपनी दुकान समझो," म्हणत खसखस तोलून द्यायचा. हे सगळं आई घरी येऊन नक्कल करून सांगायची. मला कधी नेलं नाही. "तू कशाला, पाय दुखतील," म्हणायची. स्वतःचे पाय दुखायचे नाहीत वाटतं.

मग पाडव्याच्या सकाळी मैत्रीण फराळाचं ताट घेऊन यायची, वर विणलेला रुमाल. त्यात लाडू, चिवडा आणि बाजूला अनारसे. माझ्याच आईनं तळलेले अनारसे माझ्याच घरी पाहुणे होऊन यायचे. वडील आवडीनं खायचे. मी शिवायचे नाही. "हिला आवडत नाहीत," असं आई काकूंना सांगायची, आणि काकू बिचाऱ्या माझ्यासाठी चकल्या जास्त ठेवायच्या. रागानं का होईना, मी त्या संपवायचे.

एका वर्षी मात्र फारच झालं. वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. बुद्धपौर्णिमेला मी खिरीची वाटी घेऊन गेले की त्यांचा उपास निघायचा. दरवर्षी. त्या दिवाळीत मी मैत्रिणीकडे बसले असताना त्या आल्या, आणि माझ्यासमोर एकामागून एक अनारसे खात काकूंना म्हणाल्या, "जाळी काय सुरेख पडलीय हो! हात सोन्याचा आहे तुमचा." काकू हसल्या आणि गप्प बसल्या. गप्प बसल्या हे मी पाहिलं. माझे कान तापले. मी तशीच उठून घरी आले.

"त्या दार का लावतात ते मला कळलंय," मी आईला म्हटलं. "दृष्ट वगैरे काही नाही. तू तळतेस हे कुणाला कळू नये म्हणून लावतात."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "दार ती नाही लावत," ती म्हणाली. "कडी मी घालते."

"का?"

"उशीचा अभ्रा दे तो इकडे."

पुढच्या वर्षी मी ठरवून दृष्ट लावायचा प्रयत्न केला. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या सामायिक गॅलरीत उघडायची. तिथे उभी राहून मी कढईवर डोळे रोखले आणि मनापासून, जीव तोडून, वाईट चिंतलं. अनारसे एकजात गोल, जाळीदार, बदामी. एकही हसला नाही. दृष्ट हे थोतांड आहे हे वडिलांचं म्हणणं मला त्या दिवशी पुरतं पटलं, आणि पटल्याचा मला अजिबात आनंद झाला नाही.

मी नववीत होते तेव्हा काकांनी बदलापूरला ब्लॉक घेतला आणि ते लोक क्वार्टर सोडून गेले. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा मैत्रीण रडली, मीही रडले, दोघींच्या आया तर रडल्याच. पण त्या रडण्यात मला आतून गुदगुल्या होत होत्या. आता आई आमची. पुढच्या दिवाळीत त्यांच्या घरची कुठलीशी वास्तुशांत, पाहुणे, असं काहीतरी निघालं आणि बोलावणं आलं नाही. आई ऑक्टोबरभर खिडकीशी जरा जास्त वेळ उभी राहायची. मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली तशी मी हट्ट धरला. "या वेळी खिरीबरोबर अनारसे कर. आपल्या घरी, आपल्या सणाला." वडील म्हणाले, "गोड ते गोड, सणाला कुठलंही चालतं." आई आधी नाही म्हणाली, मग एकदम हो म्हणाली. तिनं तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, मग निथळून गच्चीत धोतरावर पसरले. मी राखण करायला बसले. इतकी खूश मी आयुष्यात क्वचित असेन. वरच्या मजल्यावरच्या बाई गच्चीत पापड घालायला आल्या तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "अनारशाचे आहेत. आई करणार आहे. आईच करते."

पौर्णिमेच्या सकाळी आईनं दार सताड उघडं ठेवून कढई चढवली. मी शेजारी, वडील खुर्ची ओढून समोर, सगळे कौतुकानं बघतोय. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. कढईभर पसरला, खसखस वेगळी, पीठ वेगळं. दुसरा हसला. आईनं ताप कमी केला, तिसरा हसला. तिनं पीठ पुन्हा मळलं, केळं घातलं, तरी तेच. मी एकदा तिच्या तोंडाकडे आणि एकदा कढईकडे बघत होते. वडिलांनी झाऱ्यातला चुरा बशीत घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "चव फर्स्ट क्लास आहे हं." आईनं गॅस बंद केला.

"तांदूळ फार वाळले," ती म्हणाली. "ओलसर असतानाच कुटायला हवे होते. मला काय माहीत कधी उचलायचे ते."

"अगं, पण इतकी वर्षं तूच तर करत होतीस," मी म्हटलं.

"मी तळत होते. पीठ तिचं असायचं. मी जायचे तेव्हा पीठ तयार असायचं ना." मग म्हणाली, "आणि तिला तळता येत नाही. मी नव्हते तेव्हा तिचे सगळे हसायचे."

म्हणजे अर्धा अनारसा आमच्या घरात होता आणि अर्धा बदलापूरला. मला हे फार लागलं. मी मागितलं होतं ते आईनं दिलं होतं, आणि त्यात त्या काकू नसल्यामुळे त्याचा चुरा झाला होता. वरच्या बाईंच्या घरी मी नुसती खीर घेऊन गेले. त्यांचा उपास होता.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी आई ठेवणीतली साडी नेसली. "मी बदलापूरला जाऊन येते," ती म्हणाली. कुणी बोलावलं होतं की नाही मला माहीत नाही. वडील म्हणाले, "जेवणाचं?" ती म्हणाली, "झाकून ठेवलंय." मी म्हटलं, "मीपण येणार." मला तिला एकटीला त्यांच्या हवाली करायचं नव्हतं.

बदलापूर पुढचंच स्टेशन. काकूंची बिल्डिंग नवी, भोवती कापणी झालेली शेतं आणि विटांचे ढीग. काकूंनी दार उघडलं, आईला पाहिलं, आणि तिचा हात धरून सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पीठ तयार होतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी आणि मैत्रीण हॉलमध्ये. नवा टीव्ही, नवा सोफा, तिची वेगळी खोली, सगळं तिनं दाखवलं आणि सगळ्याचा मला यथासांग हेवा वाटला. मग आम्ही सोफ्यावर बसलो. आत तूप चुरचुरायला लागलं. काकूंनी कुणाला तरी हाक मारली. एका बाईचं नाव, साधंसंच. लगेच हसू फुटलं, पोटातून, खोकला लागेपर्यंत.

"आत अजून कोण आहे?" मी विचारलं.

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. "कोण म्हणजे? तुझ्या आईचंच नाव आहे ना ते?"

होतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर होतं, रेशनकार्डावर होतं. पण ते कुणाच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. वडील 'अगं' म्हणायचे, आम्ही 'आई', बिल्डिंगमधल्या बायका माझं नाव घेऊन 'अमकीची आई'.

"मला नाही आवडत," मैत्रीण एकदम म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "मावशी आली की माझी आई अशी होते. माझ्याबरोबर कधीच अशी हसत नाही. आणि मला स्वयंपाकघरात घेत नाहीत, क्वार्टरमध्ये असल्यापासून. तू तरी एकदा मागच्या खिडकीतून बघितलंस, मी पाहिलं होतं तुला."

एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर, आणि दोघी बंद दाराच्या एकाच बाजूला होतो. आम्ही दाराकडे बघत बसलो. आत काकूंनी माझ्या आईला पुन्हा नावानं हाक मारली, आणि घरी तीनदा हाका मारल्याशिवाय न ऐकणाऱ्या माझ्या आईनं पहिल्याच हाकेला ओ दिली.