वटवट्यासाठी मांडवाला लुगडी

मंडळातल्या मैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

आज दापोडीच्या नदीकाठी घडलं ते लगेच लिहायला बसले आहे. वाचून पत्र पुढे धाडा.

उद्यापासून आमच्या देवळात सप्ताह. मांडवाला उन्हाचा आडोसा म्हणून पाणकणसाच्या उंच गवताचे कूड सासूबाई दरसाल नवसाने घालतात. काठाला पाणकणसाचं बेट एकच. कोयते घेऊन आम्ही पाण्यात उतरलो, तोच वटवट्या ओरडत सुटला. किडे टिपणारं, चिमणीएवढं तपकिरी पाखरू! सासूबाईंनी वाकून पाहिलं, तर तीन ताटांना विणलेलं घरटं आणि आत पिल्लं.

शेजारचे दगडूभाऊ म्हणाले, "मावशी, पाखरापायी देवाचा मांडव उघडा ठेवायचा व्हय?"

"उघडा कशापायी? माझं लुगडं बांधा की! नवसाचं मी देवाशी बघते. तू आधी कोयता खाली ठेव."

मी सासूबाईंच्या पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून मांडवात आणलं, तर बातमी ऐकून आळीतल्या नऊ जणी माझ्याआधीच आपापली घेऊन हजर! मांडव असा सजला, की दगडूभाऊही बघत राहिले. मला सासूबाईंचा इतका अभिमान वाटला, की तिथेच पाया पडले.

तुमच्याकडे गवत कापण्याआधी कोणी आत वाकून पाहतं का? उलट टपाली कळवा.