दातानं तार सोलणाऱ्यायचा बिल्ला

आमचे हे जाऊन आज दोन वर्सं झाली, अन् मी आज लय खूश आहो.

चुकीचं नका समजू. आधी पूर्ण वाचा.

हे फौजेत सिग्नलमधी लाइनमन होते. म्हणजे पाठीवर तारेचं रीळ घ्यायचं, डोंगर चढायचा, अन् फौजेच्या टेलिफोनची तार टाकत जायचं. तुटली का जोडायची.

आता आपल्या वर्धेकडच्या सिग्नलवाल्या रिटायर लोकायनं ठरवलं, का सगळ्यायची आठवण म्हणून एक पॅच बनवू. कोटावर शिवायचा कापडी बिल्ला.

डिझाइनचं काम आलं माह्या नातीकडं, पल्लवीकडं. सावंगीले नर्सिंग शिकते, पण कॉम्प्युटरवर चित्रं लय सुंदर काढते. (स्वयंपाकाचं नका विचारू.)

तिनं काढलं : मधात टॉवर, वर वीज, खाली दोन तलवारी.

मी म्हटलं, "पोरी, तुह्ये आबाजी कुठी आहे याच्यात?"

"आजी, हे सिम्बॉल असते."

"मंग तारेचं सिम्बॉल काऊन नाई? तलवार तं यायनं लग्नात धरली तेवढीच."

रविवारी पिपरी मेघेले सुभेदार साहेबायच्या घरी मीटिंग होती. पल्लवीसंग मी बी गेलती. चौथी शिकलेली बाई, पण गेलती.

पोहे आले. तर्री लय तिखट होती, पण ते जाऊ द्या.

साहेब फौजेत रेडिओवाले, म्हणजे बिनतारी काम, तार कधी ओढली नाई. म्हणे, "वयनी, टॉवर सगळ्यायले समजते. एका तारेले कोण ओळखन?"

मले त्यायच्यासारखं बोलता येत नाई. मी जे होतं ते सांगितलं.

म्हटलं, साहेब, हे मले पाहाले आले, तवा यायच्या समोरच्या दाताले खाच होती. माही माय म्हणे, पोरगा भांडखोर दिसते.

लग्न झाल्यावर समजलं. तार दातानं सोलून सोलून खाच पडली. बर्फात बोटं अकडून जायची, पक्कड धरवत नव्हती. मंग दात.



कोपऱ्यात कारंज्याचे एक फौजेतले रिटायर हवालदार बसले होते. आल्यापासून एक शब्द नाई. त्यायनं पोह्याची प्लेट खाली ठेवली अन् तोंड उघडून दाखवलं.

तशीच खाच. त्याच दाताले.

बाजूचे म्हणे, "माह्ये आता नकली आहे वयनी, नाई तं म्या बी दाखवली असती."

सगळे हसले. साहेब बी हसले. मंग पल्लवीले म्हणे, "बेटा, तलवारी काढून टाक. तिथी तार घे."

हवालदारानं चार्जरची जुनी वायर मागवली अन् पल्लवीले जोड कसा मारतात ते दाखवलं. या वेळी कैचीनं सोलली.

काल पॅच आला.

टॉवर आहे, साहेबायचा मान ठेवला. पण खालून तार जाते, अन् मधात जोड आहे. दोन तुटलेली टोकं एकमेकाले पिळलेली. बोटाच्या पेरायेवढा बी नाई, पण आहे.

पल्लवी म्हणे, "आजी, आबाजीच्या फोटोले लावू."

म्हटलं, घरात कोण पाह्यते? मी बजाराच्या थैलीवर शिवला.

आज सकाळी भाजीवालीनं विचारलं, "हे काय लावलं हो आजी?"

उभी राहून पूर्ण सांगितलं. तिच्या बाजूची बी आयकाले आली. मेथी घ्यायची राहूनच गेली.

अहो, तुमची तार लागली बिल्ल्यावर. लोकं विचारून राह्यले, मी सांगून राह्यली.

जिथी असान तिथी खुशाल राहा. माहा नमस्कार घ्या.