बायकोने ओळखलेले सशाचे जंत

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. नायगावच्या चाळीत आमची एक खोली आणि बाहेर गॅलरीत, खोक्यात, मुलीचा पांढरा ससा. हरताळामुळे भाजीबाजार बंद असला की मी मैदानाच्या कडेचं गवत उपटून आणायचो आणि न धुताच त्याच्यापुढे टाकायचो. वर आईची नजर चुकवून गुळाचा खडाही द्यायचो.

पावसाळ्यानंतर ससा सुकायला लागला. खाणं तेवढंच, पण पाठीचं हाड हाताला लागायचं आणि पोट मात्र फुगलेलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "रोगी जनावर दारात नको गो. पोरांका लागात. रविवारपर्यंत खोको हलवा." मुलीने जेवण सोडलं.

माझ्या बायकोने मात्र सशाकडे पोराकडे बघावं तसं बघितलं. सारखा मागचा भाग चाटतो, दात खातो, खाल्लेलं अंगी लागत नाही. सकाळी तिने त्याच्या लेंड्या कागदावर फोडून उजेडात धरल्या. त्यात दोऱ्यासारखं पांढरं, बारीक काहीतरी वळवळत होतं.

"अहो, याला जंत झालेत."

"सशाला?"

"मग काय, तुम्हाला विचारून होतात?"

आईने लगेच विचारलं, "गूळ कोण देत होतं?" मी मान खाली घातली. आई वावडिंगाचा काढा करायला उठलीही, पण बायकोने अडवलं. पोरांचं औषध एवढ्याशा जिवाला नको, म्हणाली. कागदाची पुडी बांधली, ससा टोपलीत घेतला आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्याकडे निघाली. मी मागून गेलो.

डॉक्टरांनी लेंडी काचेखाली पाहिली. जंतच होते. "गुळाने पोट बिघडतं, जंत होत नाहीत," ते म्हणाले. "घाणेरड्या गवतातून आले असतील. हे माणसांना लागत नाहीत." सशाचं वजन करून त्यांनी औषध मोजून दिलं. मग बायकोला म्हणाले, "वेळेवर ओळखलंत. लोक मेल्यावर विचारायला येतात."

गूळ निर्दोष सुटला, पण गवत माझंच होतं. ते अजून टोचतं. तरी त्या दिवशी पायऱ्या उतरताना तिच्या मागून टोपली घेऊन चालायला मला फार बरं वाटलं.

मावशींना तिने स्वतः जाऊन समजावलं. खोका जागचा हलला नाही, आणि दिवाळीपर्यंत ससा पुन्हा गुबगुबीत झाला.

एका दुपारी मावशी नातवाला घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "झोपेत दात खाता रे. तिका जरा बघूक सांग."

मी चटई टाकली आणि बायकोला हाक मारली.