मागच्या बाकाची चिठ्ठी

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी एकटीच म्हणते असं नाही, आमची सगळी मंडळी म्हणायची. एक जानेवारीच्या सकाळी उपासना संपली की आमच्या ख्रिस्ती देवळात प्रत्येकाला नव्या वर्षासाठी एक वचन मिळतं. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, पट्टीची सुरळी करून तिला दोऱ्याची गाठ मारायची आणि सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या परातीत घालून बाकाबाकांवरून फिरवायच्या. ज्यानं त्यानं आपल्या हातानं एक उचलायची. जी आली ती वर्षभराची. बदलून मागायची नाही. कुणाला धीर देणारं वचन येतं आणि तो छाती काढून घरी जातो. कुणाला जिभेला आवर घालायचं येतं आणि त्याच्या बायकोला हसू आवरत नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात आले त्या वर्षापासून या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळं अक्षर वळणदार आणि शुद्धलेखनाची चूक नाही. परातही मीच फिरवायची. आणि क्वायरमध्ये, म्हणजे देवळातल्या गाणाऱ्यांत, पुढच्या बाकावर उभी राहून प्रत्येक गीताची पहिली ओळ एकटीनं उचलायची तीही मीच. मग मागचे सगळे ती ओळ धरायचे. चिठ्ठ्यांपेक्षा हे पुढचं बाक मला जास्त प्यारं होतं. रविवारी सकाळी साडीच्या निऱ्या घालताना मी देवाचा विचार करत नव्हते, त्या बाकाचा करत होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ आजऱ्याकडची. येताना काजूचा डबा आणि वासाच्या तांदळाचं पोतं घेऊन आली. पहिल्याच दिवशी तिनं त्याचा भात लावला आणि सासूबाई दोनदा भात मागून जेवल्या. मी सात वर्षं त्या घरात भात लावत होते. तरी तेव्हा मला काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण गिळता आलं.

गिळता आलं नाही ते तिचं गाणं. एका सकाळी ती तांदूळ धूत होती आणि स्वतःशीच एक जुनं भजन म्हणत होती. मी मधल्या खोलीत वह्या तपासत होते. माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. असा गळा मी आधी ऐकला नव्हता. कुठं ताण नाही, कुठं धडपड नाही. वरचा सूर मला टाचा उचलून गाठावा लागायचा, तो ती तांदूळ धुता धुता घेत होती.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिचा गळा देवानं सवडीनं केलाय बघ."

म्हणजे माझा घाईत केला असावा. मी पुढच्या वहीत एका मुलीचं बरोबर आलेलं गणित चूक दिलं, हे मला दुसऱ्या दिवशी तिनं वही आणून दाखवल्यावर कळलं.

पुढचं सांगायला नकोच. दोन महिन्यांत देवळाचे पाळकसाहेब मला म्हणाले, "ताई, तुमच्या जाऊबाईंना पुढं घेऊ. तुम्ही दुसऱ्या बाकावरून जरा आधार द्या." आधार! मी हसून "बरं" म्हटलं आणि घरापर्यंत नवऱ्याच्या दहा पावलं पुढं चालत गेले. दुसऱ्या बाकावरून मला तिचा अंबाडा दिसायचा. पहिली ओळ ती उचलायची आणि देवळातली कुजबुज थांबायची. माझ्या वेळी कुजबुज कधी थांबली नव्हती. आजवर ती मला ऐकूच आली नव्हती, आता आठवायला लागली.

तिचं वागणं वाईट असतं तर बरं झालं असतं. ती मला अक्का म्हणायची, शाळेतून आले की चहा पुढं करायची. बोलायची तिकडच्या बायकांसारखी, 'मी आलो, मी गेलो' असं. मी शाळेच्या सवयीनं दोन-तीनदा सुधारलं. ती म्हणाली, "व्हय अक्का, शिकतो की." आणि पुन्हा तसंच. त्या बोलण्याचंही सासूबाईंना कौतुक. माझ्या शुद्ध बोलण्याचं कौतुक फक्त शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी केलं होतं.

त्याच दिवसांत देवळातल्या रविवारच्या शाळेत मी मुलांना एका राजाची गोष्ट शिकवत होते. दरबारात वाद्य वाजवणाऱ्या तरुणाची लोक जास्त स्तुती करायला लागले, म्हणून त्या राजाच्या मनात विष भरलं आणि तो तरुण वाजवत असतानाच राजानं त्याच्यावर भाला फेकला. मी फळ्यावर भाला काढला. हेवा कसा वाईट, हे मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. खडूची पूड झटकून क्वायरमध्ये गेले आणि समोरच्या अंबाड्याकडं बघत उभी राहिले.

डिसेंबरात नेहमीप्रमाणं चिठ्ठ्या लिहायला बसले. निम्म्या लिहून झाल्यावर माझ्या मनात आलं की तिच्यासाठी एक खास लिहावी. शब्द शास्त्रातलेच असतील, मग त्यात खोटं काय, असं मी स्वतःला समजावलं. शोधायला वेळ लागला नाही. प्रभूनं जेवणाच्या आमंत्रणाबद्दल सांगितलेलं आहे ना, की कुणी लग्नाला बोलावलं तर वरच्या जागी जाऊन बसू नको, सगळ्यांत खालच्या जागी जाऊन बस. तेवढंच उतरवलं. त्याच्या पुढं आणखी आहे. यजमान स्वतः येतो आणि खाली बसलेल्याला म्हणतो, अरे, वर ये. ते मी लिहिलं नाही. पट्टीवर जागा होती.

बाकीच्या चिठ्ठ्यांना पांढरा दोरा होता. हिला शाळेच्या गणवेशाचा निळा दोरा बांधला, म्हणजे मला ओळखू यावी. गाठ मारण्याआधी मी सवयीनं डोळे मिटून प्रार्थनाही केली. हे लिहिताना आज लाज वाटते.

एक जानेवारीला परात घेऊन निघाले तेव्हा ती चिठ्ठी माझ्या अंगठ्याखाली होती. आमच्या बाकापाशी आल्यावर अंगठा उचलला आणि परात जराशी तिच्याकडं कलती केली. चिठ्ठी घरंगळत तिच्या बोटांपाशी गेली. तिनं उचलली.

मला वाटलं होतं ती रुसेल, निदान चेहरा उतरेल. तिनं वाचलं, पट्टीची पुन्हा सुरळी केली आणि पदराच्या टोकाला बांधली. घरी गेल्यावर शिजलेल्या भाताची चार शितं घेऊन ती चिठ्ठी तिनं स्वयंपाकघरात शेगडीच्या वर भिंतीला चिकटवली. पहिल्या रविवारी ती क्वायरच्या सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी कारण विचारलं तर म्हणाली, "यंदा वचनच तसं आलंय की."

पाळकसाहेब काय बोलणार? आमच्यात आलेल्या वचनाशी कुणी वाद घालत नाही.

असं पुढचं बाक मला परत मिळालं. पहिल्या रविवारी पहिली ओळ उचलली. बाहेर पडताना एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, "धाकटी आजारी हाय काय गं?" दुसऱ्या रविवारी आणखी एकीनं विचारलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत मी वरचा सूर गाठायला गेले आणि तो मध्येच फाटला. मागच्या बाकावरून एक आवाज हळूच आला आणि माझी ओळ सावरून पुन्हा खाली गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र ते झालेल्या फजितीपेक्षा जास्त लागलं.

आणि घरी? सासूबाई येईल-जाईल त्याला भिंतीकडं बोट दाखवून सांगायच्या, "एवढा गळा असून मागं बसती. वचन पाळावं तर आसं." म्हणजे झालं. ती पुढं होती तेव्हा मी तिच्या गाण्यावर जळत होते, आता तिच्या नम्रपणावर जळायला लागले. आणि तो नम्रपणा तिला माझ्याच अक्षरात मिळाला होता. सकाळी चहा टाकताना, दुपारी आमटीला फोडणी देताना ती चिठ्ठी डोळ्यांसमोर. वाफेनं शाई उडून जाईल अशी आशा होती, पण मी चांगली शाई वापरते. एकदा ती पाण्याला गेल्यावर नखानं कोपरा उचकटून बघितला. आजऱ्याच्या तांदळाचा चिकटा, हलायचं नाव नाही.

पावसाळा गेला. या सगळ्या महिन्यांत ती स्वयंपाकघरात गायची बंद झाली होती. हे मला फार उशिरा कळलं. तांदूळ धुताना नुसता पाण्याचा आवाज यायचा. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि घरात चैन पडत नव्हतं. कबूल करावं असं रोज वाटायचं. पण कबूल केलं की सासूबाईंपुढं, पाळकसाहेबांपुढं, सगळ्या मंडळीपुढं तोंड कसं दाखवायचं? आणि नाही केलं तर त्या बाईचा गळा माझ्या एका पट्टीखाली दबून राहणार. असे दोन्ही विचार एकदम यायचे आणि मी वह्या काढून बसायचे.

पुन्हा डिसेंबर आला. एका दुपारी मी चिठ्ठ्या लिहायला बसले, तर ती समोर येऊन बसली.

"अक्का, तुमी लिवा. मी दोरं बांधतो."

मी शास्त्र उघडलं. एक-एक वचन उतरवत होते, ती गाठी मारत होती. पानं उलटताना तेच पान आलं. खालच्या जागेचं वाक्य होतं आणि त्याला लागूनच वर बोलावणारं. मी पान उलटलं. तिनं मान वर केली नाही. दोऱ्याचं रीळ पुढं सरकवून म्हणाली, "पांढरा दोरा बास हाय न्हवं सगळ्यास्नी?"

"बास आहे," मी म्हटलं. दोऱ्याचं एवढं काय विचारायचं, असंही मनात येऊन गेलं.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं होतं, बाहेर मांडवातसुद्धा माणसं बसली होती. शेवटचं गीत माझ्यावर होतं. पेटी सुरू झाली. पेटीवाल्या काकांनी सूर दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी ओळ उचलली नाही. त्यांनी पुन्हा सूर दिला. मी बाकाच्या कडेनं निघाले आणि मागच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांच्या माना वळल्या. दोनच शब्द आले.

"वर ये."

ती लगेच उठली. विचारलं नाही, आढेवेढे घेतले नाहीत, पुस्तकही घेतलं नाही. पुढं जाऊन उभी राहिली आणि पहिली ओळ उचलली. कुजबुज थांबली. मी तिच्या जागेवर, मागच्या बाकावर उभी होते. तिथून तिचा अंबाडासुद्धा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. तो आवाज ऐकून मला आनंद झाला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण पोटात दुखलंच. फक्त या खेपेला पोटात दुखत असतानाही मी तिच्या मागून ओळ धरली.

घरी पाहुणे यायचे होते. ती पुऱ्या तळत होती, मी लाटत होते. सासूबाई बाहेर होत्या. मी लाटणं खाली ठेवलं.

"ती चिठ्ठी मी मुद्दाम तुझ्या हाताशी आणली होती," मी म्हटलं. "वचन अर्धंच लिहिलं, तेही मुद्दाम."

तिनं तेलातली पुरी उलटली.

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. समद्यांचा दोरा पांढरा, माझाच निळा. घरी येऊन शास्त्र काढून बघितलो. म्होरं आणि लिवलंय, ते तुमी लिवलं न्हाईसा."

"मग वर्षभर मागं का बसलीस? तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी लिवलासा म्हणून वचन खोटं हुतंय व्हय?" झाऱ्यावरची पुरी निथळत ती म्हणाली. "अर्धं माझ्या वाटणीचं हुतं, ते मी केलो. ऱ्हायलेलं तुमच्या वाटणीचं. वाट बघत बसलतो, तुमी कवा हाक मारतासा."

मी तिथंच पाटावर बसले. मला आधी रडू यायला हवं होतं. पण आधी आला तो हेवाच. गाण्यात ती माझ्या पुढं, भातात पुढं, आणि मी जे वचन तिला मारायला वापरलं ते जगण्यातही तीच पुढं. रडू त्याच्या मागून आलं. तिनं गॅस बारीक केला आणि तेलाचे हात पुसून माझ्या पाठीवरून हात फिरवला. सासूबाई आत आल्या, त्यांना वाटलं कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी कांदा चिरून कधीच झाला होता. संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं, आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलल्या. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "चिठ्ठ्या मात्र तुम्हीच लिहा."

पुढं दोन हजार सालानंतर धाकट्या दिराला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम लागलं आणि त्यांनी तिकडंच घर केलं. जाताना ती चिठ्ठी तिनं ओल्या फडक्यानं भिजवून अलगद सोडवली आणि घेऊन गेली. एक जानेवारीला मात्र दोघं स्कूटरवरून न चुकता आमच्या देवळात येतात. पहिली ओळ तीच उचलते. मला अजून दर वेळी थोडं दुखतं, एवढ्या वर्षांत ते पुरतं गेलं नाही.

चिठ्ठ्या अजून मीच लिहिते, वचन पुरतं लिहिते, सगळ्यांना एकच दोरा बांधते. परात मात्र तिच्या हातात देते. ती बाकाबाकांवरून फिरवत माझ्यापाशी आली की मी डोळे मिटते आणि हाताला लागेल ती उचलते.