स्मिक्रोननं वर केलेला हात

अथेन्सच्या कुंभारवाड्यात स्मिक्रोनचं चाक होतं. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरुणपणी एकदा मडकी विकायला इक्रा बेटावर गेला आणि तिथंच तापानं आडवा झाला. तेलेसोन नावाच्या कोळ्यानं त्याला घरी नेलं. त्याच्या बायकोनं, फिलिन्नानं, महिनाभर जवाची पेज भरवून त्याला उठवलं. तेव्हापासून स्मिक्रोन तेलेसोनला भाऊच मानी.

वीस वर्षांनी इक्रानं अथेन्सशी फारकत घेतली. गलबतं गेली, वेढा पडला, वर्षभरानं बेट शरण आलं. बेटावरच्या लोकांचं काय करायचं हे ठरवायला अथेन्सात टेकडीवर नागरिकांची सभा भरली. एकानं ठराव मांडला: पुरुष मारायचे, बायकापोरं विकायची.

दवंडीवाल्यानं विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

बोलायचा हक्क कुंभारालाही बड्या घराण्यातल्या माणसाइतकाच. स्मिक्रोन अर्धवट उठला. शेजारी त्याच्याच गल्लीतला चांभार लिसानियास बसला होता. त्याचा थोरला मुलगा त्या वेढ्यात पडला होता.

"उठतोस कुठं?" लिसानियासनं विचारलं.

"पाय अवघडलाय." स्मिक्रोन खाली बसला.

मताची वेळ आली. लिसानियास त्याच्याकडेच बघत होता. "माझ्या पोराचं प्रेतसुद्धा मिळालं नाही रे मला."

स्मिक्रोननं हात वर केला. हात इतके होते, की मोजायची गरजच पडली नाही.

वसंतात बंदरावर बेटावरच्या बायका विकायला आणल्या. स्मिक्रोन तीन दिवस त्यांच्यात शोधत फिरला. फिलिन्ना भिंतीला टेकून बसली होती, केस कापलेले.

"स्मिक्रोन? अरे, तू?"

"चला वहिनी, घरी चला."

दलालाशी घासाघीस न करता त्यानं तिला सोडवलं. वाटेत तिनं विचारलं, "त्या सभेला तू नव्हतास ना रे?"

खोटं बोलता आलं असतं. "होतो," तो म्हणाला.

"आमच्या बाजूनं कोण बोललं?"

"कुणीच नाही."

"आणि तुझा हात?"

तो धुळीकडे बघत राहिला. फिलिन्ना इतका वेळ त्याच्या बरोबरीनं चालत होती. आता चार पावलं मागं राहिली.

घरी येताच त्यानं सांगितलं, "वहिनी, तुम्ही मोकळ्या आहात."

"मोकळी होऊन जाऊ कुठं?" एवढंच बोलली ती. पुढं अकरा वर्षं त्याच्या घरी दळण दळलं, त्याच्या पोरांना न्हाऊ घातलं, बायकोशी सुखदुःखाचं बोलली. त्याच्याशी मात्र एक शब्द नाही.

दुकानाच्या सावलीत तरुण मंडळी न्याय म्हणजे काय यावर तासन्‌तास वाद घालायची. एकदा एकानं हसत विचारलं, "काका, तुम्ही सांगा! सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणजे ते न्यायाचंच ना?"

"दुसरीकडे जाऊन बोला," स्मिक्रोन म्हणाला. पोरं म्हाताऱ्याला हसत उठली.

फिलिन्ना थंडीत गेली. वेशीबाहेर तिच्यासाठी दगड बसवायला त्यानं पाथरवट बोलावला. नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं.

"गाव?"

"इक्रा."

"तिथं आता आपलीच माणसं राहतात की," पाथरवट म्हणाला.

"माहीत आहे. तू लिही."