अण्णांच्या हाताचा गुण

अण्णांच्या मुलीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी सांगोल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या एका पिकअपखाली आडवा होतो. ‘काका, अण्णा गेले,’ एवढंच ती म्हणाली. शुक्रवार पेठेतल्या घरी, अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत खुर्चीत बसले होते, ते बसल्या जागीच... मी गाडीखालून बाहेर आलो आणि त्या डाळिंबवाल्या गिऱ्हाइकासमोर भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडलो. त्याने मला पाणी पाजलं, स्वतःच्या गाडीचं विसरून सोलापूरच्या एसटीत बसवून दिलं. त्या दिवशीचं माझं रडणं अगदी खरं होतं. आज पाच आठवड्यांनी ते परत मागून घ्यावंसं वाटतंय, पण मागायचं कुणाकडे?

सिद्रामअण्णा माझे उस्ताद. अक्कलकोट रस्त्यावरच्या गॅरेजांच्या रांगेत तिसरं गॅरेज त्यांचं. आयटीआय करून मी तिथे लागलो तेव्हा मला कागदावरचं इंजिन ठाऊक होतं, खरं इंजिन त्यांनी दाखवलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आतली कुरकुर ऐकायला त्यांनी शिकवलं. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी माझी असायची. माझं लग्न ठरवायला तेच पुढे होते, आणि सासऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं, ‘पोरगा माझाच हाय म्हणून समजा.’ आमच्या रांगेत उस्तादाला बापाच्या जागी मानतात. मी मानलं, त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

अण्णांचं नाव झालं ते पाणी भरण्यामुळे. वॉटर पंप बदलला किंवा हेड उतरवून पुन्हा बसवलं, की रेडिएटरमध्ये कूलंट नव्याने भरावं लागतं. आम्ही त्याला अजून पाणीच म्हणतो. नुसतं वरून ओतलं तर नळ्यांत कुठेतरी हवा अडकते, हवा असेल तिथे पाणी पोचत नाही आणि इंजिन उकळतं. म्हणून व्हॅक्यूमचं यंत्र. रेडिएटरच्या तोंडावर त्याचं रबरी बूच घट्ट बसवायचं, कॉम्प्रेसर जोडून आतली हवा ओढून घ्यायची. रबरी नळ्या चपट्या होतात, यंत्रावरच्या गेजचा काटा खाली जातो. मग कॉक बंद करून थांबायचं. काटा हलला नाही तर गळती नाही असं समजून दुसरी नळी कूलंटच्या कॅनमध्ये सोडायची, बाकीचं गाडी आपसूक पिऊन घेते. असं यंत्र पुढे सगळ्यांनीच घेतलं. पण दुसऱ्यांनी भरलेली एखादी गाडी आठ दिवसांत वाफा सोडत परत यायची, अण्णांनी भरलेली कधी आली नाही. ‘अण्णांच्या हाताला गुण हाय,’ असं सगळी रांग म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायचो.

यंत्र लावायच्या आधी अण्णा गाडीत जाऊन बसायचे, चावी फिरवायचे आणि मिनिटभर गप्प राहायचे. मी पुढे, रेडिएटरपाशी. बॉनेट उघडं असलं की पुढे उभ्या माणसाला आतला माणूस दिसत नाही. एकदा मी विचारलंच, आत बसून काय करता म्हणून. ‘सिद्धेश्वराचं नाव घेतो बे,’ म्हणाले. मला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते आत बसले की मीही बॉनेटच्या अलीकडे हात जोडून उभा राहायला लागलो. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

सात वर्षांनी मी टेंभुर्णीत हायवेलगत स्वतःचं गॅरेज टाकलं. बोर्डावर माझं नाव होतं. नारळ अण्णांच्याच हातून फोडला. इंजिन, क्लच, ब्रेक, कुठे काही अडलं नाही. अडलं ते पाण्यात. काटा खिळल्यासारखा जागेवर, कूलंट भरलेलं, गाडी खुशीत जायची आणि काही दिवसांनी उकळत यायची. सगळ्याच नाही, पाचातली एखादी. त्यामुळे नेमकं कुठे चुकतंय ते हाती लागत नव्हतं. मी अण्णांना फोन करायचो. ‘क्लॅम्प बघ,’ म्हणायचे. क्लॅम्प बदलले. ‘रेडिएटरची कॅप नवी टाक.’ टाकली. थर्मोस्टॅट बदलला, बूच नीट बसत नसेल म्हणून बूच बदललं, कॉम्प्रेसर कमी पडत असेल म्हणून तोही मोठा आणला. एकदा अण्णा स्वतः आले, आत बसले, बाहेर येऊन यंत्र लावलं, आणि ती गाडी पुन्हा कधी उकळली नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘यंत्र तेच हाय दत्ता, पण त्याला हात लागतोय बघ. सगळ्यांच्या हाताला येत न्हाय ते.’

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. बिरू नावाचा एक मेंढपाळ गाडीत मेंढरं भरून बाजाराला निघाला होता, त्या गाडीत मी दोनच दिवसांपूर्वी पाणी भरून दिलं होतं. ऐन उन्हात माळावर इंजिन जाम झालं. मेंढरं तापल्या पत्र्यात अडकली, तीन दगावली. तो माझ्या दारात आला तेव्हा मला वाटलं, आता हा मारणार. त्याने शिवीसुद्धा दिली नाही. ‘मिस्त्री, तुमी मानूस चांगलं हाय,’ म्हणाला, ‘पर तुमच्या हाताला यश न्हाय.’ ते वाक्य चौकात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी मी बोर्ड उतरवला आणि सोलापूरला परत आलो. ‘ये, तुझी जागा हाय तशीच हाय,’ अण्णा म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो.

पुढची अकरा वर्षं मी त्या गॅरेजात इंजिनं उघडली आणि जोडली, पण पाणी भरायची वेळ आली की हात पुसत मागे सरायचो. कुणी ‘बाजूला सर’ म्हणायची गरज नव्हती. घरी नवा मिक्सर आणला तरी पहिल्यांदा बायकोला सुरू करायला लावायचो. तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर सगळं सापडतं, शोधायचं होतं. खरं आहे. पण दोष यंत्रात आहे असं वाटणारा माणूस शोधतो, दोष आपल्या हातात आहे असं एकदा मनाने घेतलं की काय शोधणार?

अण्णा गेल्यावर बारा दिवसांनी रांगेने शोकसभा घेतली. मला बोलायला उभं केलं. ‘अण्णांनी हातचं राखून कधी काही शिकवलं नाही,’ असं मी म्हणालो आणि लोकांनी डोळे पुसले. ते ऐकूनच वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी माझ्याकडे अण्णांवर लेख मागण्यात आला. मी आनंदाने हो म्हटलं.

लेख लिहायला घेतला त्याच आठवड्यात महानंदा गॅरेजात आली. ती अण्णांची एकुलती एक, शाळेत शिकवते. ‘काका, गॅरेज आता तुम्हीच चालवा,’ हे सांगायला ती आली होती. समोर वॉटर पंप बदललेली एक गाडी उभी होती आणि पाणी भरायला आता मीच होतो. मी यंत्र हातात घेऊन नुसताच घुटमळत होतो, ते तिने पाहिलं असावं. ‘थांबा, मी बसते आत,’ म्हणाली आणि बसली. दार उघडं होतं, मी या वेळी पुढे नव्हतो, तिच्या बाजूलाच उभा होतो. तिने चावी फिरवली आणि हीटरचं बटण निळ्यावरून पार लालवर नेलं.

‘हे काय करतेस?’ मी विचारलं.

‘हीटर उघडला. रविवारी तुम्ही गावाकडं गेलात की अण्णा मलाच बसवायचे की आत. लालवर कर गं, म्हणायचे...’ माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. ‘तुम्हाला माहीत नाही?’

आमच्या सोलापुरात हीटर कोण लावतो? इथे गाडीत बसायच्या आधी स्टिअरिंगवर ओला फडका टाकावा लागतो. ते बटण गाडी घेतल्यापासून मोडीत निघेपर्यंत निळ्यावर असतं. पण हीटर तापतो तो इंजिनमधून नळ्यांनी येणाऱ्या याच पाण्यावर. काही गाड्यांत बटण निळ्यावर असलं की हीटरची वाट झडपेने बंद होते. आतली हवा मग यंत्राला ओढता येत नाही. काटा मात्र सगळं ठीक असल्यासारखा स्थिर राहतो. गाडी खड्ड्यांतून हलायला लागली की तीच हवा थोडी थोडी सुटून इंजिनकडे जाते. सगळ्या गाड्यांत ही झडप नसते, म्हणून माझ्या हातच्या बऱ्याच गाड्या धड जायच्या. माझ्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

महानंदा खाली उतरली. मग म्हणाली, ‘तुम्ही टेंभुर्णीहून परत आलात तेव्हा अण्णा म्हणाले होते, दत्ताला सांगू नको, तो परत जाईल. मला वाटलं चेष्टा करतायत...’

तेव्हापासून मी या एका वाक्याभोवती फिरतोय. तो जाईल. म्हणजे मी जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, म्हणजे माझ्यावर जीव होता. असेल. बायको तेच म्हणते, म्हातारा एकटा पडला असता, सोडून द्या. मला सोडता येत नाही. मी गेलेलोच होतो, आणि फोनवर रडकुंडीला येऊन विचारत होतो, तेव्हा त्यांनी मला क्लॅम्प बघायला सांगितलं. मेंढरांचं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, होतं असं. ज्या माणसाने मला घडवलं त्यानेच माझ्या हातावरचा माझा भरवसा काढून घेतला आणि वर मला जागा दिल्याचे उपकार माझ्याकडून अकरा वर्षं मानून घेतले. शोकसभेत मी जे बोललो ते खोटं होतं आणि ते माझ्या तोंडून वदवलं गेलं. मला फसवलं अण्णांनी.

संपादकांना मी विचारलं, लेख बदलून दिला तर चालेल का? चालेल म्हणाले. म्हणून हा लेख असा आहे. रांगेतल्या, टेंभुर्णीच्या, सांगोल्याच्या, कुठल्याही मिस्त्रीने हे कापून भिंतीवर चिकटवावं: यंत्र लावायच्या आधी चावी फिरवा, हीटर पूर्ण लालवर न्या, मगच हवा ओढा. भरून झालं की इंजिन तापू द्या, पंखा लावा आणि हीटरमधून कडक गरम हवा येतेय का ते हाताने बघा. आली तर पाणी सगळीकडे पोचलं.

गॅरेज मी चालवायला घेतलंय. बोर्डाचं अजून ठरलेलं नाही. परवा शेजारच्या गॅरेजातला रफिक एक गाडी घेऊन आला. माझ्याच वयाचा, वीस वर्षं याच पाण्याने बेजार झालेला. ही तिसऱ्यांदा उकळली म्हणाला. मी त्याला पुढे रेडिएटरपाशी उभं राहू दिलं नाही. शेजारच्या सीटवर बसवलं, त्याचा हात धरून बटणावर ठेवला आणि त्यालाच फिरवायला लावलं. मग यंत्र लावलं, कॅन जवळजवळ रिकामा झाला, इंजिन तापलं. दारं लावून आम्ही दोघे त्या भट्टीत बसलो होतो. गरम हवेचा झोत सुरू झाला तसा रफिक माझ्याकडे बघत राहिला.

‘बस, इत्ताच?’ तो म्हणाला.

‘एवढंच,’ मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. ते अण्णांसाठी होतं, असं कृपा करून कुणी समजू नये.